मसाजी रजेवर

आधी एक सांगून ठेवते, ह्या सगळ्या घोळात चूक माझी एकटीची न्हाई. गावात कुणी तसं सांगितलं तर ऐकू नका. मी शकुबाई, ह्या गावची आशा. साखऱ्यापासून दोन कोसांवर आमचं गाव. सोळा वर्षांत दीडशेच्या वर बाया मी दवाखान्यात नेल्या आन् लेकरासगट घरी आणल्या. बाळंतपणाची तारीख सांगण्यात माझा हात कुणी धरत न्हाई. एकदा चुकली. एकदाच. ती नेमकी मसाजीभावजींच्या घरी चुकली.

मसाजीभावजी माझे शेजारी. साठी उलटलेलं माणूस. खांद्यावर घोंगडी, हातात काठी आन् पुढं साठ-सत्तर मेंढरं. बोलणं कमी, पण बोलतील ते टोचून. मला नावानं कव्हा हाक मारली न्हाई. सकाळी मी फाईल काखेत मारून निघाले की विचारतात, "आशाबाई, आज कुणाचं वेत हाय?" मी लई वेळा सांगून पाह्यलं, भावजी, वेत मेंढीचं असतं, बाईचं बाळंतपण असतं. ते म्हणतात, "फरक काय? मेंढी नवऱ्याला शिव्या देत न्हाई, एवढाच."

पण मेंढरांच्या बाबतीत माणूस खरा. चरता चरता मेंढी व्यायला लागली की भावजी तिला सोडून हलत न्हाईत. कळप भाऊ सोनाजीच्या हवाली करायचा, तो पुढं जातो. हे मागं घोंगडी टाकून बसतात. मेंढी पिल्लाला चाटती का, पिल्लू चीक पितं का, सगळं बघतात. पहिलटकरीण मेंढी कधी कधी पिल्लाला लाथ मारती, मंग तिला मांडीखाली दाबून पिल्लू लावतात. पिल्लू आपल्या पायावर उभं राहीस्तर भावजी उठत न्हाईत. मंग ते झोळीत टाकायचं आन् कळप गाठायचा. पाऊस असो, थंडी असो, ह्यात चाळीस वर्षं फरक पडला न्हाई.

आता ऐका. ह्याच माणसाला तीन पोरी आन् एक पोरगा. चारी बाळंतपणात हा गडी घरी नव्हता.

शेवटचा पोरगा दत्तप्रसाद. तो जन्मला तव्हा भावजी मेंढरं घेऊन हट्टा गावाकडं होते. उन्हाळ्यात सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याखाली हिरवं मिळतं, आन् शेतकरीबी खतासाठी मेंढरं वावरात बसवून घेतात. बनाबाईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एका टेम्पोवाल्याकडं निरोप धाडला, पोरगा झाला, या. टेम्पोवाल्यानं उलटा निरोप आणला, "वीस मेंढ्या व्यायला टेकल्यात. त्या मोकळ्या झाल्या की येतो." आले सव्वा महिन्यानं.

बनाबाईनं ते वाक्य एकोणतीस वर्षं जपून ठेवलंय. भावजींनी पाणी मागितलं की म्हणते, "थांबा, वीस मेंढ्या मोकळ्या होऊ द्या." भाकरीला उशीर झाला आन् ते बोलले, की तेच. भावजी ऐकून घेतात. काय करतील?

दत्ता हे ऐकत ऐकतच मोठा झाला. शिकला, परीक्षा दिली, रेल्वेत लागला. तिकडं आदिलाबादच्या बाजूला रुळावर काम करतो. सेनगावच्या दिपालीशी लग्न झालं. ती तिथंच एका खाजगी शाळेत शिकवते. तिला दिवस गेले तव्हा दत्ता सुट्टीवर आलेला. माझ्या ओट्यावर बसला आन् म्हणला, "शकुमावशी, आमच्या नोकरीत बापाला पंधरा दिवस रजा मिळते. पगारी. मला माझं लेकरू पहिल्या दिवशी बघायचं हाय. माझ्या बापानं मला सव्वा महिन्यानं बघितलं. तू मला तारीख बराबर सांग, बास."

इतक्या वर्षांत कुण्या बापानं मला तारीख विचारली नव्हती. बाप लोक बिल विचारतात, पोरगा का पोरगी विचारतात. मी म्हणलं, "बाबा, तारीख माझ्यावर सोड."

तारीख काढायला महिन्याची पाळी कव्हा आली होती ते लागतं. दिपाली सासूसमोर लाजून बसलेली. बनाबाईनंच सांगितलं, "शिवरातीला ही दोघं गावी आलती. आमी सगळे औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलतो. ही आली न्हाई. म्हणली, अडचण हाय." झालं. मी दिपालीकडं बघितलं, तिनं मान डोलावली. शिवरातीपासून धरून मी डिसेंबरची तीन तारीख लिहिली. सोनोग्राफीत थोडं पुढं दिसत होतं, पण डॉक्टर म्हणले आठ-दहा दिवस इकडं तिकडं चालतं. मला तर देवाचा दाखला होता, मी मशीनचं काहून ऐकू?

दत्तानं तीन तारखेपासून रजा टाकली आन् घरी आला. भावजींना कळलं तव्हा त्यांनी पोराला विचारलं, "बाळंत ती व्हणार. रजा तुला काहून? तुझं काय दुखून राहिलं?"

गाव पोट धरून हसलं. दत्ता पारावर गेला की कुणीतरी विचारायचं, "दत्ता, कळा सुरू झाल्या का?" पोरगं गुणाचं, हसून घ्यायचं.

पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी. पण दिपालीच्या माहेराला कुलूप होतं. तिची माय पारुबाई गेली होती स्वीडनला, पोराकडं. वैजनाथ तिचा पोरगा, तिथं कॉम्प्युटरवर काम करतो. त्याचं लेकरू सात महिन्यांचं. पारुबाई सून-नातवाचं करायला म्हणून तीन महिन्यांच्या विसावर गेली, डिंकाचे लाडू, बाळंतशेप, सगळं बांधून. आन् रोज दुपारी व्हिडिओवर रडायची.

"बाई, इथं मला कामच न्हाई. सून हापिसात जाते. वैजनाथ घरी असतो. तोच लेकराला धुतो, तोच भरवतो, तोच झोपवतो. मी हात लावला की म्हणतो, आई, तू आराम कर. मी खिडकीत बसून बर्फ बघते. तीन वाजता अंधार पडतो. दिवा लावावा का झोपावं, काय समजत न्हाई."

"वैजनाथ कव्हापासून घरी हाय?" बनाबाईनं विचारलं.

"दोन महिने झाले. अजून चार महिने राहणार म्हणतो."

फोन ठेवल्यावर बनाबाई हळूच मला म्हणली, "नोकरी गेली वाटतं पोराची. बिचारी झाकून ठेवते." संध्याकाळपर्यंत गावात झालं, वैजनाथला कामावरून काढलं. दोघं जण तर दिपालीला धीर देऊन गेले.

शेवटी दिपालीनंच सगळ्यांना बसवून समजावलं. मास्तरीणबाईच ती. म्हणली, "तिथं एका लेकरामागं माय-बापाला मिळून चारशे ऐंशी दिवस मिळतात. घरी बसून बहुतेक दिवसांचे पैसे पगाराच्या हिशेबानं मिळतात. त्यातले नव्वद दिवस बापाचेच. त्यानं न्हाई घेतले तर बुडाले, बायकोला देता येत न्हाईत."

भावजी दाराशी पाठमोरे बसून काठी तासत होते. सुनेशी सासरा थेट बोलत न्हाई, म्हणून मला म्हणले, "आशाबाई, विचार तिला. चारशे ऐंशी दिस माणूस घरी, तर मेंढरं कोण बघतं तिथं?"

"मामा, अजून ऐका," दिपाली सासऱ्यांना म्हणली. "आता तर त्यातले पंचेचाळीस दिवसांपर्यंत आजालासुद्धा देता येतात. फक्त आजा तिथं राहणारा पायजे."

भावजींना हसू आवरंना. हसता हसता ठसका लागला. "आजाला रजा. उद्या कुत्र्यालाबी देतील."

दत्ताला चेव आला. त्यानं फोनमधून देशच्या देश काढले. जपानात म्हणे बापाला वर्षभर रजा घेता येते, पण हापिसातले काय म्हणतील म्हणून कितीतरी बाप घेतच नव्हते, आत्ता कुठं घ्यायला लागलेत. भावजी म्हणले, "म्हंजे तिथं आपल्यासारखीच माणसं हायेत." अमेरिकेत तर देशभराच्या कायद्यात पगारी रजा मायलासुद्धा न्हाई, बारा आठवडे मिळतात तेबी बिनपगारी आन् सगळ्यांना न्हाई. बनाबाई म्हणली, "मंग अमेरिका आन् माझं सासर सारखंच."

आपल्याकडंबी कायद्यात कामाच्या बाईला सहा महिने पगारी रजा हाय. दिपालीच्या शाळेनं सांगितलं, तुम्ही निवांत जूनमध्ये या, जागा ठेवतो. पगाराचं कुणी नावच काढलं न्हाई. आन् माझं विचारू नका. माझ्या वेळेला त्या सकाळपर्यंत मी वावरात तण निंदायला होते आन् सहाव्या दिवशी परत वावरात. मधले पाच दिवस, तेवढीच माझी रजा. मी हे बोलून दाखवत न्हाई, पण लक्षात हाय.

तीन तारीख आली. दत्तानं नवा शर्ट घातला. काय झालं न्हाई. चार, पाच, सहा. मी रोज सकाळी जायची, पोटाला हात लावायची, तोंड गंभीर करायची आन् म्हणायची, "आज-उद्या." दत्तानं रिकामा वेळ घालवायला लंगोट बांधायची सवय करून घेतली. उशीवर जमंना, म्हणून चार दिवसांचं कोकरू धरलं. भावजी संध्याकाळी आले तर दारात कोकरू पांढरा लंगोट लावून उभं. त्यांनी वाकून गाठ ओढून पाह्यली. मंग म्हणले, "गाठ ढिली हाय," आन् आत गेले.

अकरा तारखेला मी दत्तासमोर परत "आज-उद्या" म्हणले आन् दिपालीला रडूच फुटलं. मला कोपऱ्यात ओढून म्हणली, "मावशी, शिवरातीला मला अडचण नव्हती. पेपर तपासायचे होते. दर्शनाच्या रांगेत पाच तास कोण उभं राहील, म्हणून मी आत्याबाईंना तसं सांगितलं. खरी अडचण होळीला होती."

मी फाईल उघडली. होळीपासून मोजलं तर सतरा-अठरा डिसेंबर. दत्ताची रजा सतराला संपत होती. "अगं, मंग तव्हा मान काहून डोलावली?"

"आत्याबाई समोर होत्या. देवाच्या नावावर खोटं बोलले असं कसं सांगू?"

बनाबाईला कळलं. तिनं आधी कपाळाला हात लावला, मंग नागनाथाला हात जोडले, मंग माझ्यावर उखडली, "तुला मशीन खोटं वाटलं काय?" मी म्हणलं, तुझ्याच तोंडानं शिवरात सांगितली. अर्धा तास आमचं चाललं.

दत्तानं गडबडीनं साहेबाला फोन लावला. साहेब, रजा इथंच थांबवा, राहिलेले दिवस पुढच्या आठवड्यात देता का? साहेब तिकडचा, हिंदीत बोलतो. चांगला माणूस, पण म्हणला, "अरे भाई, चालू छुट्टी बीच में रोक के बाद में नहीं मिलती. अठारा को आ जा, गँग में आदमी कम है."

मंग राहिलेले दिवस आमी सगळ्यांनी त्या लेकराच्या मागं लावले. दिपालीला अंगणात फेऱ्या, जिन्यावर चढ-उतर. पारुबाई स्वीडनहून ओरडून सांगायची, चाल, चाल. वैजनाथ मागून सांगायचा, आई, तिला पडू दे निवांत. लेकरू काय हललं न्हाई.

सतरा तारखेला दुपारी दत्तानं पिशवी भरली. पहाटेची गाडी होती. भावजी त्या दिवशी मेंढरं लवकर घेऊन आले. अंगणात उभे राहिले, कुणाकडं न बघता म्हणले, "उद्या व्हईल."

"तुमाला काय ठाऊक?" बनाबाई म्हणली.

"मला पंधरा दिसांखालीच ठाऊक होतं. पोट खाली उतरलं नव्हतं, चाल बदलली नव्हती. हिला सांगितलं मी, अजून दोन हप्ते हायेत म्हणून."

सगळ्यांनी बनाबाईकडं बघितलं. ती पदर तोंडाला लावून म्हणली, "सासऱ्यानं सुनेच्या पोटाकडं बघावं आन् ते मी गावाला सांगत फिरावं? मी म्हणलं, लाज धरा, मेंढी हाय का ती?"

म्हणजे बघा. दिपालीला खरं ठाऊक होतं, ती लाजली. भावजींना ठाऊक होतं, त्यांना बनाबाईनं गप्प केलं. बनाबाईला ठाऊक होतं, ती लाजली. एक मीच बिनलाजी, आन् मलाच ठाऊक नव्हतं.

दत्ता कुणावर चिडला न्हाई. पायरीवर बसला आन् पिशवीची चेन लावत म्हणला, "पंधरा दिवस होते माझ्याजवळ. एक बी कामी आला न्हाई." एवढं म्हणला आन् त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला इतकं वाईट कव्हाच वाटलं न्हाई. माझ्या हातच्या एका तारखेनं पोराचं मन मोडलं होतं.

भावजी त्याच्याजवळ जाऊन बसले. मी तरी त्यांना पोराशेजारी बसलेलं पहिल्यांदाच बघितलं. म्हणले, "तू जा. मी थांबतो."

"तुमी?" बनाबाई म्हणली. पुढचं मेंढ्यांचं वाक्य तिच्या ओठावर आलेलं मला दिसलं. तिनं गिळलं.

दत्ता गेला. अठराला सकाळी दहाला दिपालीला कळा सुरू झाल्या. मेंढरं सोनाजीकडं गेली होती. दवाखान्याची गाडी आली, तर भावजी आधीच ड्रायव्हरशेजारी चढून बसलेले, काठीसगट. दवाखान्यात सिस्टर म्हणली, काठी बाहेर ठेवा. त्यांनी काठी बाहेर ठेवली, घोंगडी व्हरांड्यात टाकली आन् बसले. मी म्हणलं, भावजी, चहा घेऊन या. उठले न्हाईत. जेवण आणून दिलं, तसंच राह्यलं.

चार वाजता पोरगी झाली. मी दुपट्यात गुंडाळून बाहेर आणली. बाकीचे आजे वजन विचारतात. भावजींनी विचारलं, "मायनं जवळ घेतलं का? पिली का?"

"घेतलं. पिली."

मंग त्यांनी हात पुढं केले. धरण्याची तकलीफ काहीच न्हाई, हजार पिल्लं धरलेले हात ते. म्हणले, "आता फोन लाव त्याला."

दत्ता रुळापासून दूर झाडाखाली उभा होता, अंगात भगवं जाकीट. भावजींनी फोन उलटा धरला, मी सुलटा केला. पोरगी त्यांनी फोनला अगदी भिडवली. "बघ," म्हणले. "पहिल्या दिवशी बघितलं तू. वेळ लिहून ठेव. तू येईस्तर तुझ्या जागी मी हाय." तिकडून नुसता नाक ओढायचा आवाज येत राह्यला.

बारा दिवस बनाबाईनं शेक-शेगडी, तेल, मालिश, सगळं केलं. बारसं झालं, नाव ठेवलं राजनंदिनी. तेराव्या दिवशी सकाळी मी गेले तर बनाबाई अंगणात उभी. डोक्याला भावजींचा फेटा, पायात त्यांच्याच वहाणा, हातात काठी.

"कुठं?" भावजींनी विचारलं.

"मेंढरं मी नेते. सोनाजी किती दिस बघील?"

"आन् लेकराचं? सुनेचं?"

बनाबाई फाटकाशी पोचली, तिथनंच वळून म्हणली, "वीस मेंढ्या मोकळ्या झाल्या की येते."

भावजी हसलेबी न्हाईत, चिडलेबी न्हाईत. मान खाली घालून म्हणले, "जा. सावकाश ये." बनाबाई गेली. दिवसभर रानात तिच्या हाळ्या ऐकू येत होत्या. बाई लई खुशीत होती.

आता भावजी घरी असतात. दुपटी धुतात, वाळत घालतात, पाळणा ओढतात. जूनमध्ये दिपाली परत शाळेत जाणार, तव्हा भावजीबी संगं जाणार, लेकरू त्यांच्याकडंच. पहिल्या आठवड्यातच गावात झालं, मसाजीनं मेंढरं विकली. दोन जण तर धीर द्यायला आले. भावजींनी त्यांना चहा पाजला आन् म्हणले, "विकली न्हाई. रजेवर हाय."

"कुणाच्या रजेवर?"

"दत्ताच्या. त्याची वाया गेली. तीच माझ्या नावावर केली. स्वीडनमध्ये तसंच करतात."

परवा वजन करायला गेले तर भावजी राजनंदिनीला मांडीवर घेऊन लंगोट बांधत होते. गाठ घट्ट होती. मी चिडवलं, "भावजी, आजाला पंचेचाळीस दिवसच मिळतात बरं का. तुमची रजा किती दिवसांची?"

"पिल्लू उभं राहीस्तर," ते म्हणले.

"अवं, मेंढीचं पिल्लू घडीभरात उभं राहतं. माणसाच्या लेकराला वरीस लागतं."

त्यांनी पोरीचे पाय हातात धरले, सरळ केले, तळवे बघितले.

"दत्ताच्या वेळचंबी वरीस बाकी हाय," ते म्हणले. "मला घाई न्हाई."